बापलेकांचा अबोला आणि गावचे भजनी मंडळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातील एका दुपारी चिखली तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा सतरा वर्षांचा, नुकतीच अकरावीची परीक्षा दिलेला. तक्रार डोकेदुखीची. सहा महिन्यांपासून दुपारनंतर कपाळ दुखते, अभ्यासाला बसत नाही, कॉलेजला जायला टाळाटाळ करतो. मी मुलाला विचारले, "कोणत्या बाजूला दुखते?" उत्तर वडिलांनी दिले. "झोप लागते का?" तेही वडिलांनीच सांगितले. शेवटी तेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमीच इचारा त्याले. मले तं तो काहीच सांगत नाही. पोट्टं घरात हाय, पण नसल्यासारखं."

वडिलांना बाहेर बाकावर बसायला सांगितले. मुलगा काही वेळ टेबलाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा बोलतात ना, पण चारच गोष्टी. मार्क किती पडले, मोबाईल ठेव, शेतात चल, आणि शेजारचा पोरगा बघ कसा शिकून राहिला." रक्तदाब पाहिला, रक्त तपासले, सर्दी-सायनसचे काही नव्हते. तोंड तपासताना मात्र गालाची आतली त्वचा पांढुरकी व जाडसर लागली. खर्रा खातो, हे त्याने मान खाली घालून कबूल केले. मी गोळ्या लिहून दिल्या, खर्ऱ्याचे धोके सांगितले आणि दोघांना परत पाठवले. या मुलाचे पुढे काय झाले ते लेखात येईलच, पण माझी एक चूक त्याच दिवशी होऊन गेली होती.

वाचकहो, असे बापलेक आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी माझ्यासमोर बसतात. मुलगी आईजवळ बोलते, निदान रडते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे तोंड मात्र घरात मिटते. याला नेहमी उद्धटपणा समजू नये. या वयात शरीर झपाट्याने वाढते, आवाज फुटतो, आणि मेंदूतील सारासार विचार करणारा, आवेग आवरणारा भाग अजून कच्चा असतो. तो पक्का व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय उजाडते. अशा मुलाला समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून "सांग, काय झाले?" असे विचारले की त्याला ती पोलीस चौकीतील चौकशी वाटते. तो "काही नाही" म्हणतो आणि उठून जातो. बापालाही दुसरी रीत ठाऊक नसते, कारण त्याच्या बापाने त्याच्याशी दुसऱ्या रीतीने बोलल्याचे त्याला आठवत नाही.

पूर्वी काय होते? पूर्वीही बापलेक फार बोलत होते असे नाही. पण औत, वखर, डवरणी, बैल धुणे, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, ही कामे दोघे मिळून करत. बोलणे कामाच्या ओघात होई. त्या काळाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. त्याच कामापायी कित्येक मुलांची शाळा सुटली आणि चाबकाचे वळही पाठीवर उठले. ते दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु आता ट्रॅक्टर आला, मुलगा बुलढाण्याला किंवा खामगावला शिकायला गेला, घरी असला तर मोबाईलमध्ये असतो, आणि दोघांच्या हातात एकच काम असण्याची वेळच येत नाही, हेही खरे आहे.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू घेतात असे आढळले, म्हणजे चारांमागे एकाहून अधिक. त्यातील बहुतेक जण ती ओढत नाहीत, चघळतात. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी खर्रा कोणत्या टपरीवर मिळतो हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. दुसरी गोष्ट बोलायला जड, पण बोललीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार जगात १५ ते २९ या वयातील मृत्यूंच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपला जिल्हा तर शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात देशाला परिचित झाला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता. कर्ज, नापिकी, भाव ही कारणे आहेतच. डॉक्टर त्यावर औषध देऊ शकत नाही. पण कित्येक घरांत नंतर ऐकायला मिळते, "आम्हाला काहीच बोलले नाहीत." बाप मुलाशी बोलला नाही, मुलगा बापाशी बोलला नाही. मुलाचे तोंड मिटलेले आहे ही तक्रार घेऊन येणाऱ्या बापाचे स्वतःचे तोंडही अनेकदा तितकेच मिटलेले असते, हे मी पाहिले आहे.

आता त्या मुलाकडे वळू. जूनमध्ये त्याच गावचे एक वृद्ध मृदंगवादक संधिवाताच्या औषधासाठी आले. बोटे सुजलेली. म्हणाले, "डॉक्टर, थाप बसत नाही आता. गावात दुसरा कोणी नाही. एखादं पोट्टं पाठवा ना शिकायले." मला तो मुलगा आठवला. त्याचे वडील याच भजनी मंडळात टाळकरी होते. मी वडिलांना निरोप दिला, पण एक अट घातली: मुलाला एकट्याला पाठवायचे नाही. तुम्हीही त्याच्याबरोबर मृदंग शिकायला बसायचे.

भजनी मंडळ म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्यात सांगण्याची गरज नाही. संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीचे भजन, कार्तिकातला काकडा, वर्षातून एकदा हरिनाम सप्ताह. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान गावोगावच्या मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि संतग्रंथ देत आले आहे, त्यामुळे लहान गावातही साहित्य असते. उणीव असते ती तरुण माणसांची. बहुतेक मंडळांत पन्नाशीच्या पुढचे लोक आणि दहा वर्षांच्या आतली पोरे दिसतात. मधली फळी गायब.

डॉक्टर या नात्याने मला या मंडळाची बांधणी फार शहाणपणाची वाटते. पाहा, हरिपाठाला टाळकरी दोन रांगांत उभे राहतात. बापलेक एकाच रांगेत असले की दोघांची तोंडे एकाच दिशेला, पावली एकच, टाळ एकाच ठेक्यात. कोणी कोणाला काही विचारत नाही. तासभर दोघे एकमेकांच्या खांद्याजवळ असतात आणि बोलण्याची सक्ती नसते. शिवाय तेथे बाप हा एकटा बाप नसतो. शेजारी काका, मामा, गुरुजी, दुकानदार असे दहा-पंधरा पुरुष असतात. मुलाला आपल्या बापाखेरीज इतर मोठी माणसे जवळून पाहायला मिळतात, आणि आपल्या बापाला इतर लोक कसे वागवतात तेही दिसते. घरात ओरडणारा बाप येथे वीणेकऱ्याच्या पाया पडतो, चाल चुकली तर हसतो. मुलाच्या दृष्टीने हे नवीनच असते.

मृदंगाचे तर आणखी विशेष. डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावावी लागते आणि नंतर ती खरवडून काढावी लागते. कणीक सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर धुम निघत नाही. हे काम दोघांनी मिळून करण्याचे. त्या वडिलांनी मला सांगितले, पहिले पंधरा दिवस दोघांमध्ये बोलणे झाले ते कणकेवरच. "पाणी जास्त झालं." "अजून थोडी लावा." (पुडी हा शब्द आमच्या भागात खर्ऱ्यालाही आहे. एका पुडीच्या नादाने दुसरी सुटली असे मी लिहिले असते, पण ते तितके सोपे झाले नाही.)

पुढे एक गंमत झाली. मुलाची बोटे लवकर वळली, बापाची वळेनात. बाप ठेका चुकू लागला आणि मुलगा त्याला दुरुस्त करू लागला. "बाबा, तिसरी मात्रा खाली सोडा." सतरा वर्षांत प्रथमच बाप शिकणारा आणि मुलगा शिकवणारा झाला. माझ्या मते यानेच अर्धे काम केले. ज्याला घरात फक्त काय येत नाही तेच ऐकायला मिळते, त्याला बापापेक्षा आपल्याला काहीतरी बरे येते हे कळले की त्याची मान आपोआप वर होते. बापानेही ते मनाला लावून घेतले नाही, हा त्याचा मोठेपणा.

एकत्र गाण्याचा शरीरावर होणारा परिणाम तपासला गेला आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात २०१३ साली समूहगायन करणाऱ्यांच्या हृदयाची गती मोजली. सर्व गायकांचे ठोके एकाच वेळी जलद आणि एकाच वेळी मंद होताना आढळले. कारण साधे आहे. ओळ म्हणताना सर्वांचा श्वास एकदम सुटतो, ओळ संपली की सर्वजण एकदम श्वास घेतात. लांब, सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, अंगातला ताण सैल होतो. आपल्या अभंगाची ओळ आणि धृपद म्हणतानाही श्वास असाच सुटतो. बापलेकांची मने जुळतात की नाही ते देव जाणे, श्वास मात्र जुळतात.

साता समुद्रापलीकडे हीच अडचण लोकांना शंभर वर्षांपूर्वी जाणवली. अमेरिकेत सेंट लुइस शहरात वायएमसीए संस्थेचे हॅरोल्ड केल्टनर यांची जो फ्रायडे या ओजिब्वे जमातीच्या आदिवासी वाटाड्याशी मैत्री झाली. आमच्यात मुलाला बाप वाढवतो, तुमच्या शहरांत मात्र ते आईवरच सोपवलेले दिसते, असे त्याचे निरीक्षण होते. त्यातून १९२६ साली बापलेकांचे पहिले मंडळ निघाले. दर काही दिवसांनी बाप आणि मुले एकत्र जमणार, हस्तकाम करणार, रानात मुक्काम करणार. ही कल्पना देशभर पसरली. आदिवासींची वेशभूषा व नावे उसनी घेण्यावर पुढे रास्त आक्षेप आले आणि ती पद्धत व ते नाव सोडण्यात आले, पण बापलेकांनी एकत्र येण्याचे कार्यक्रम चालू राहिले. तेथील लोकांना त्यासाठी नवीन संस्था काढावी लागली. आपल्याकडे देवळाच्या ओट्यावर सतरंजी आधीच अंथरलेली आहे.

आता माझ्या चुकीबद्दल. श्रींची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते आणि परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा, मेहकर असे करत खामगावला येते. शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव या सोळा-सतरा किलोमीटरच्या वाटेवर पालखीसोबत माणसांचा पूर लोटतो. ज्यांना महिनाभराची वारी जमत नाही, ते एवढा एक दिवस तरी चालतात. हे बापलेक त्या वर्षी गावच्या मंडळासोबत चालले. वाटेत वडिलांनी सहज विचारले, "पुढल्या दिंडीच्या फलकावर कोणतं गाव लिवलं हाय रे?" मुलगा म्हणाला, "मला नाही दिसत." "कधीपासून?" "दहावीपासून. फळ्यावरचं पण दिसत नाही." वडील चालता चालता थांबले नाहीत, ओरडले नाहीत. गर्दीत थांबता येत नव्हते म्हणून असेल. थोड्या वेळाने विचारले, सांगितलं काहून नाही? तर मुलगा म्हणाला, "त्या वर्षी सोयाबीन गेलं होतं. चष्म्याचा खर्च कुठं सांगू."

पुढच्या आठवड्यात डोळे तपासले. उणे दीड, आणि सोबत सिलिंड्रिकल नंबर. दुपारी कॉलेज सुटेपर्यंत डोळे ताणून पाहायचे, म्हणून कपाळ दुखायचे. माझ्या खोलीत भिंतीवर डोळे तपासण्याचा तक्ता टांगलेला आहे. मे महिन्यात मी मुलाचे मन, घर, मोबाईल सगळे विचारात घेतले आणि तक्त्यासमोर त्याला उभे करायचे तेवढे विसरलो. ते दुखणे शोधले ते खामगाव-शेगाव रस्त्याने.

ज्यांना अशी वाट मुलासोबत चालायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. दिवस पावसाळ्याचे असतात. नवी चप्पल-बूट त्या दिवशी घालू नका; आठवडाभर आधी पायात रुळलेले घाला. ओले मोजे तसेच ठेवले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, म्हणून एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी बांधा. मधुमेह असलेल्या बापाने अनवाणी चालण्याचा नवस करू नये. पायाला बधिरता असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि पुढे पाय गमवायची वेळ येते. रक्तदाबाची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे घ्यावी. उपाशीपोटी चालू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे मिश्रण बाटलीत असू द्यावे. छातीत दुखले, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जावे. भक्तीत कमी पडलो असे समजू नये. आणि मुलगा बोलू लागला तर लगेच उपदेश सुरू करू नये. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड आहे. बापाच्या तोंडून "म्हणून तर मी सांगत होतो" हे वाक्य निघाले की पुढचे दहा किलोमीटर शांततेत जातात.

हे सर्व भजनानेच होते असे मात्र नाही. ज्यांची श्रद्धा वेगळी किंवा ज्यांना देवळाचे वावडे, त्यांनी भजन करावे असा माझा हट्ट नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई विदर्भात अनेक गावांत चालते. तेथे झाडू सर्वांच्याच हाती असतो. बुद्धविहारातील वंदना आणि जयंतीची तयारी, तालमीची माती, लेझीम, कबड्डीचे मैदान आखणे, यांतही तेच घडते. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत आपल्या मोताळा तालुक्यातील सिंदखेडने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळवले. भर उन्हाळ्याच्या त्या पंचेचाळीस दिवसांत टिकाव-फावडे घेऊन घरेच्या घरे श्रमदानाला उतरली होती. काम खरे हवे, दोघांच्या हाताला हवे, आणि आठवड्यातून ठरल्या वेळी हवे. वर्षातून एकदा मुलाला जत्रेला नेऊन मोठा खर्च करण्याने ते साधत नाही.

मंडळांचेही काही दोष सांगायला हवेत. काही ठिकाणी दोन भजनांच्या मध्ये तंबाखूचा बटवा फिरतो आणि पंधरा वर्षांच्या टाळकऱ्यापुढेही येतो. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी एवढे बंद केले तर माझे निम्मे काम हलके होईल. ज्याला बाप नाही त्या मुलाला मामाने, काकाने, गुरुजींनी हाताशी धरावे. आणि ज्याचा बाप दारू पिऊन मारतो, त्याला "बापाजवळ बस" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तेथे आधी बापाचे उपचार. लेकींना हरिपाठात उभे राहायला मनाई करणारी मंडळे तर अजूनही आहेत. ती मला समजत नाहीत.

त्या मुलाचा खर्रा सुटायला आठ महिने लागले आणि मध्ये दोनदा तो परत सुरू झाला. गालाची त्वचा आता बरीच मऊ आहे. आपल्या घरातील मुलाची परीक्षा तुम्हीही करू शकता: तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटे उभी दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरा दिसत असेल तर लगेच दाखवा.

मात्र मुलगा दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, खाणे-झोप बिघडली असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर बरे" अशा अर्थाचे बोलत असेल, तर भजन, वारी, कणीक हे सगळे बाजूला ठेवा. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अशा मुलाला सरळ विचारावे, "मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीचे औषध घरात ठेवू नका. ठेवावेच लागत असेल तर कुलूप लावा आणि किल्ली आईजवळ द्या. बापाच्या बाबतीत ही लक्षणे दिसली तर मुलाने हेच करावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात, आणि केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो रात्रंदिवस असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.